बिनसुईची सिरिंज

वसमतच्या मोंढ्यात मी हळद तोलतो.
पोत्यामागं शंभर ग्रॅम इकडंतिकडं झाले
तर कुणी काही बोलत नाही.
घरी रात्री नऊला मात्र
बिनसुईच्या सिरिंजवरची काळी रेघ
बल्बाखाली धरून बघतो.
अडीच. सव्वादोन नाही, पावणेतीन नाही.
बुडबुडा राहिला तर परत बाटलीत सोडायचं, परत ओढायचं.
अनुसया तोंड उघडून बसलेली,
पाखराच्या पिलासारखी म्हणणार होतो,
पण तसं काही नसतं. वैतागलेली बाई असते.
"ओत की. भाजी करपायलीय."

तेलकट औषध, वरून खोटी स्ट्रॉबेरी.
खरी तिनं कधी खाल्ली नाही.
उरसात गुलाबी आइस्क्रीम घेऊन दिलं तर म्हणली,
"ह्यात मही दवा कुणी घातली?"

आधी तीन औषधं झाली.
एकानं हिरड्या सुजल्या.
दुसऱ्यानं झोप, नुसती झोप, भाकरी थापता थापता.
तिसरं आपलं पैसे खाऊन गेलं.
त्याच्याआधी कांदा, चामड्याची चप्पल, मुठीत किल्ली,
दंडाला ताईत.

आणि त्याच्याआधी लग्न.
सहाव्या दिवशी न्हाणीत पडली,
नखांत अजून हळद होती.
आई म्हणाली, फसवलं, नेऊन घाल.
मी खरंच निघालो नेऊन घालायला.
जवळा बाजारच्या फाट्यावर चहा पिताना ती म्हणली,
"मला बी कुणी सांगितलं नव्हतं.
चक्कर म्हणायचे.
डोळे उघडले की सगळे मह्याकडं बघत असायचे,
एवढंच म्हाईत."
तिथून गाडी वळवली.
मोठेपणा नव्हता त्यात.
पेट्रोल कमी होतं, अन् मला तिचं खरं वाटलं.

हे चौथं औषध वसमतला मिळत नाही.
नांदेडहून साडेचारच्या बसनं येतं,
कंडक्टर निवृत्ती भालके यांच्या डब्याशेजारी,
पेपरात गुंडाळून.
एकदा बस अर्धापूरच्या पुढं बंद पडली.
दोन वेळा चुकल्या. त्या रात्री तीनदा.

फीट आली की कुशीवर वळवायचं,
तोंडात काही घालायचं नाही,
अन् मोजायचं, असं डॉक्टरीणबाईनं सांगितलंय.
मी मोजतो. पण सवय मोंढ्याची,
पहिल्याला एक म्हणवत नाही:
लाभ, दोन, तीन, चार...
तिच्या टाचा फरशीवर वाजत असतात
आणि मी लाभ म्हणत असतो.

शुद्धीवर आली की विचारते, "किती?"
एकशेनव्वद झाले असले तरी सांगतो, शंभर.
बावीस वर्षं काट्यावर उभा आहे, मापात पाप केलं नाही.
इथं करतो.
डॉक्टरीणबाईच्या वहीत तेवढं खरं लिहितो.
ती वही अनुसया वाचते, दुपारी, मी नसताना.
पानावर कणकेचं बोट असतं.
तरी विचारते.

ह्या महिन्यात एकोणीस पानं कोरी गेली.
मला रात्री झोप येईना.
कान आपला फरशीपाशी.
वाटी पडली तरी मी उठून लाभ म्हणायचो,
ती हसायची. "मी हाय इथं. पाणी प्यायलेय."

विसाव्या दिवशी, पावणेनऊला, आली.
लाभपासून चाळीसपर्यंत.
मग टाचा थांबल्या.
पंखा फिरत होता, भाजी शिजत होती,
मी एक्केचाळीस म्हणायला तोंड उघडलं, ते तसंच राहिलं.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "किती?"
"चाळीस."
"खोटं बोलू नका."
"वही बघ."
बघितली नाही.
पदरानं ओठाच्या कडेचा फेस पुसला,
भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं,
म्हणली, "नऊ झाले. आणा ते."